तेवीस पॉइंट नऊ सात सहा

इश्तियाक अन्सारीने आठ वर्षांपूर्वी शूट करून दिलेली
ही एकच ब्लू-रे.
तांडापेठेतला आमचा शेवटचा खड्डामाग,
त्यावर बाबा, चाळीस मिनिटं.
दुसऱ्या कॉपीचे पैसे तेव्हा जास्त वाटले.

मधली काही वर्षं डिस्क फ्रिजवर पडून होती.
आईने एकदा तिच्यावर चहाचा पेला ठेवला,
तो गोल पुसला गेला.
पुसताना पडलेली रेघ नाही गेली.

नवतपाचा तिसरा दिवस.
रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
सॉफ्टवेअर डिस्क वाचतं, उलगडतं, लहान करत जातं,
त्र्याहत्तर टक्क्यांवर येतं
आणि आख्खा कॉम्प्युटर बंद.
तीनदा.
मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं,
ड्रायव्हर बदलला, सेटिंग मुळावर नेली.
मिहानमध्ये दिवसभर परक्यांना फोनवर जे सांगते,
"सर, एकदा बंद करून चालू करा",
ते स्वतःलाही सांगून पाहिलं.
आई म्हणाली, तापलं असन ते.
इथं माणूस तापते, त्याचं काय.
तिने डब्याचं झाकण काढायला लावलं,
डबा कूलरसमोर सरकवला
आणि ताट्यांवर पाणी मारायला बादली उचलली.
आई, पाणी नको!

चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर.
मग ड्राइव्ह त्या रेघेवर अडकला,
घसा साफ करणाऱ्या माणसासारखा
पुन्हा पुन्हा तिथेच.
मी लिहून दिलं: वाचता येत नसेल तर सोड, पुढे जा.
अकरा सेकंद सोडून तो पुढे गेला.

दोन वाजता शंभर टक्के.
लावून पाहिलं. सुरुवात छान.
धोटा या टोकाला, खट्,
त्या टोकाला, खट्.
शेवटी बाबांनी पडद्यावर हात थांबवला, मान वर केली,
माग थांबला,
आणि आवाज अजून दोन ठोके विणत राहिला.

आवाज अलीकडे ओढला तर शेवट जुळे,
सुरुवात फाटे.

बाबा गच्चीवरून माठातलं पाणी प्यायला उतरले होते.
पेला हातात, दारातच उभे.
"काहून जागते वं?"
शेवटी सरकतं आहे, बाबा.
"शेवटी दिसते. सरकते पयल्यापासून.
काठ वाकडा आला का काठाकडे पाहाचं नाही,
ताणा मोजाले बसाचं.
मोजणी चुकली असन तुई."

मोजणी पाहिली.
सॉफ्टवेअरने धरल्या होत्या सेकंदाला चोवीस फ्रेम.
इश्तियाकच्या कॅमेऱ्याने काढल्या होत्या
तेवीस पॉइंट नऊ सात सहा.
हजारात एक धागा कमी.
एवढं कोण पाहतं?
माग पाहतो.

आकडा बदलला, पुन्हा लावलं.
उजाडेपर्यंत कूलर, ड्राइव्ह आणि आईचं घोरणं
आपापल्या लयीत.
सकाळी बाबा पडद्यावर थांबले तेव्हा
आवाजही थांबला.

हार्डडिस्कवर एक, पेनड्राइव्हवर एक,
तिसरी उमरेडला ताईकडे पाठवायची.
फ्रिजवर काहीच नाही.

फक्त एकतिसाव्या मिनिटाला
पडदा अकरा सेकंद काळा.
मी विचारलं, तिथे काय होतं?
बाबांनी फार वेळ आठवलंही नाही.
"काई नाही. धागा तुटला होता.
जोडत होतो."

खरंच तसं होतं,
की मी आता झोपावं म्हणून म्हणाले,
हे इश्तियाकलाच विचारावं लागेल.
त्याचा नंबर आता लागत नाही.