एम नऊच्या आधी

हाय विकमच्या आमच्या गॅरेजात
गाडी कधीच उभी राहिली नाही.
तिथे माझं यंत्र आहे, तीन दिशांना सरकणारं,
आणि परवापर्यंत भुसा होता:
चहाच्या डब्यात, जिन्यावर,
धुतलेल्या चादरींच्या घडीत,
एकदा तर वरणात.
नवरा म्हणाला, हिंग बदललास का?

व्हॅक्युम होताच. पण तो हातानं लावायचा,
आणि मी विसरायची.
लाकूड कापलं जाताना मला दुसरं काही दिसत नाही.

म्हणून एका रविवारी कंट्रोलरचं झाकण काढलं.
कूलंटसाठी ठेवलेली एक पिन
कधीच नाव न पुकारलेल्या मुलीसारखी
मागच्या बाकावर बसली होती.
तिला वायर दिली, वायरीला रिले,
रिलेला साडेतीन पौंडांचा विश्वास.
प्रोग्रॅममध्ये दोन ओळी:
एम आठ, सुरू. एम नऊ, बंद.

पहिल्या रात्री स्पिंडल आणि व्हॅक्युम
दोघं एकदम उठले
आणि अख्ख्या घराची वीज गेली.
वरून हाक आली, "मृदुला, तू का?"
मीच. दुसरं कोण.
मग त्यांना शिकवलं: आधी एकानं श्वास घ्यायचा,
दोन सेकंदांनी दुसऱ्यानं.
एका घरात राहायचं तर एवढं जमायला हवं.

क्लाइव्ह हिबर्ड, शेजारी.
खुर्च्यांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं.
त्याला वास येत नाही.
भुशानं नेला, म्हणतो, थोडा थोडा;
पगार शुक्रवारी व्हायचा,
वास कुठल्या वारी गेला ते कळलं नाही.
करपलेला टोस्ट त्याला डोळ्यांनी कळतो.
पण लाकूड अंगठ्यानं ओळखतो.
ओक म्हणून मी आणलेली फळी
त्यानं एकदा चोळली. "ॲश," म्हणाला,
आणि दुकानदाराबद्दल आणखी एक शब्द,
जो मी इथे लिहीत नाही.

आज तो स्टुलावर बसून होता.
त्याच फळीवर त्याचं नाव, त्याच्या फाटकासाठी.
"तुझ्या अक्षरांत कर. पोस्टमनची जरा गंमत."
पातं खाली गेलं, नळी त्याच्या अंगालगत,
भुसा उडायच्या आत उचलला जात होता.
क, त्याला बिलगलेला ल, काना,
इ, मग ते अवघड जोडाक्षर.
शिरोरेघ सर्वांत शेवटी,
शाळेत मला शिकवली होती तशी.
वेळ जास्त लागतो. लागू दे.

एम पाच. स्पिंडल थांबला.
व्हॅक्युम थांबला नाही.
"बिघडलं," म्हणत क्लाइव्ह उठू लागला.
नाही, म्हटलं, दहा सेकंद मीच जास्त ठेवलेत.
दिसतो तो भुसा केव्हाच गेला.
न दिसणारा अजून हवेत आहे,
त्याच्यासाठी.

तो पुन्हा बसला.
गुडघ्यावर बोटांनी मोजत राहिला.
सात, आठ.
एम नऊ.

गॅरेजात एवढी शांतता कधी नव्हती.
त्यानं अंगठा शिरोरेघेवरून फिरवला,
उलटा करून पाहिला. स्वच्छ.
"आमच्याकडे झाडायला एक पोरगा होता," तो म्हणाला,
"रॉनी. सोळा-सतरा वर्षांचा.
त्याला वास येतो का,
मी कधी विचारलं नाही."

सायक्लोनखालची बादली मात्र अजून मलाच उपसावी लागते,
ती कुठल्याच पिनला जोडता आलेली नाही.
संध्याकाळी अंगणात झाकण उघडलं.
मास्क नाकावर नीट बसला नव्हता.
कुंपणापलीकडून क्लाइव्हनं विचारलं,
"कसा आहे वास? ॲशचा?"

मी सांगायला लागले:
नुकत्याच धुतलेल्या, उन्हात ठेवलेल्या...
आणि पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात
तिथे अडले.
तो थांबला होता, कुंपणावर दोन्ही हात ठेवून.