दातखीळ

पोर्वेनीरहून फेरी दोन दिवस सुटलीच नव्हती, वाऱ्यामुळे.
तिसऱ्या दिवशी डॉक्टर झ्लाता सामुद्रधुनी ओलांडून
पुन्ता अरेनासला माझ्या दुकानात आल्या,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन.

मी नेहमीचे प्रश्न विचारले.
पडली का? नाही.
पाणी? नाही. वीज? ती काय, जातेच.
पुतण्याने जोडली तेव्हा पडद्यावर आलं,
'डिस्क फॉरमॅट करायची आहे का?'
त्याचं बोट 'हो'वर होतं.
"चापट मारली मनगटावर," त्या म्हणाल्या.
"चाळीस वर्षं लोकांचे हात
तोंडासमोरून बाजूला करतेय. सवय आहे."

केबल बदलली. दुसरं पोर्ट. दुसरा अडॅप्टर.
मग डिस्क कानाशी धरली.
टक्. टक्. टक्.
आणि गप्प.
दातखीळ बसली होती.

ड्रॉवरमध्ये तसलीच एक होती,
त्याच मॉडेलची, त्याच महिन्याची,
खेकड्यांच्या कारखान्यातल्या कॅमेऱ्याची.
तिचं हेड काढून हिला बसवलं
काचेच्या पेटीत, श्वास रोखून.
मग वाचायला घेतली,
आधी जिथे दुखत नाही तिथे.
अडलं की ओढायचं नाही, पुढे जायचं,
शेवटी उलट्या बाजूने परत यायचं, हळू.
"दुखरा दात शेवटी," त्या म्हणाल्या. "कळतं मला."

नव्व्याण्णव टक्के एका रात्रीत आले.
उरलेल्या एकाला चार रात्री लागल्या.
पत्रा वाजत होता. त्या बहिणीकडे राहिल्या,
रोज सकाळी येऊन विचारायच्या, "बोलली?"

बोलली, पण अशी:
अकरा हजार एक्स-रे, एकालाही नाव नाही.
नावांची यादी होती
नेमका तोच भाग ओरखडला होता.
तारीख सगळ्यांची एकच,
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
अख्खं गाव एकाच दिवशी आ करून
रांगेत उभं राहिल्यासारखं.

मी माफी मागितली.
त्यांनी चष्मा लावला.

"हा ओस्वाल्दो, ट्रकवाला. दाढेत सिमेंट भरून आला होता, स्वतःच.
ही शाळेतली ग्रासिएला. दिवसभर गोड बोलते, रात्री दात खाते.
हे बोळकं डॉन पेताराचं. कवळी करून दिली,
ती त्याने कुत्र्याला भिववायला वापरली.
हा—"
माउस सोडला त्यांनी.
"हा फेलीक्स. होडी सापडली तेव्हा
मलाच बोलावलं होतं ओळखायला."

मी किटली ठेवली.
पाणी उकळून गेलं तरी दोघंही उठलो नाही.
मग पुढचं चित्र त्यांनी स्वतःच उघडलं.

चार हजारांच्या पुढे कुठेतरी
पडद्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "हस जरा."
मी हसलो.
"वरचा, डावा. नऊ वर्षांचा होतास, कुंपणावरून पडलास.
तुझा बाप बाहेर पायरीवर बसून होता.
तुझं ओरडणं ऐकवेना त्याला."

मला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील.
पायरीचं मला ठाऊक नव्हतं.
आईने त्याच्याबद्दल जे सांगितलं
त्यात पायरी नव्हती.

बावीस सेक्टर शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत.
मी आकडे दाखवले. त्यांनी मान हलवली.
"नेवेंकाची अक्कलदाढ असेल त्यात.
तिला म्हणते, उघड परत."

दोन प्रती दिल्या. एक दवाखान्यात, एक बहिणीकडे,
एकाच कपाटात दोन्ही नाहीत, हे तीनदा सांगितलं.
पैसे त्यांनी घासाघीस न करता मोजले.

जुनी डिस्क भंगारात टाकायला उचलली
तर हात पुढे आला.
"द्या इकडे. उपटलेला दात
मी नेहमी ज्याचा त्याच्या हातात देते."

मोज्यात घातली, गाठ मारली,
आणि फेरी सुटतेय का बघायला निघाल्या.