सादळलेलं पान

लेमुय बेटावर एदुविना चिगुआय
आधी कागद न्हाऊ घालते.
बादलीत बुडवून, दोन्ही कोपऱ्यांना धरून उचलते,
निथळू देते, फळीवर पसरते,
कडेनं चिकटपट्टी मारते आणि थांबते.
थांबणं हेच निम्मं काम, असं ती शिकायला येणाऱ्या पोरांना सांगते;
उरलेलं निम्मं म्हणजे थांबताना हात खिशात ठेवणं.

कोरड्या मुलखात हा कागद तासाभरात ढोलकीसारखा ताणतो म्हणे.
इथे मीठसुद्धा बरणीला धरून बसतं.
म्हणून फळी चुलीच्या वर, दोरीपाशी:
एका बाजूला लोकरीचे मोजे,
दुसऱ्या बाजूला धुरावलेल्या शिंपल्यांची माळ.

पुस्तक मुलांचं. पान चौदा आणि पंधरा, जोडून:
घर समुद्रावरून चाललंय.
इथले लोक खरंच असं करत. गाव बदलायचं
तर घर मोडायचं नाही, उपटायचं;
ओंडक्यांवर घालायचं, बैलांच्या जोड्या जुंपायच्या,
भरतीला पाण्यात लोटून होड्यांनी ओढायचं.
शेवटी सगळ्यांना जेवण.
सान्तियागोहून संपादकबाई लिहितात:
मुलांना पटायला हवं. रंग जरा हसरे असू द्या.

हसरे म्हणजे कोणते,
ती पेटीतल्या तडकलेल्या वड्यांना विचारते.
अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएनाचं बोट,
की लेमुयचं आकाश तयार:
ना निळं ना तपकिरी, भांडी विसळलेल्या पाण्याचं.
रुंद ब्रश, डावीकडून उजवीकडे, एका दमात.
मागे वळून पाहिलं की पट्टे उमटलेच.
छपरापाशी ती हात आखडता घेते.
खिडक्यांना शिवत नाही.
पांढरा रंग तिच्या पेटीत नाहीच;
उजेड हवा तिथं पाण्याला वळसा घालायला लावायचा.

पहिला कागद गेला: घर बुडतंय असं दिसलं.
दुसरा गेला: घर उडतंय असं.
तिसऱ्यावर समुद्र अर्धा ओला असताना
शेजारचा नेल्सन बटाटे घेऊन आला,
दार उघडं राहिलं,
झडीचा एक शिंतोडा त्याच्याआधी टेबलापाशी पोचला.
थेंब पडला, पसरला, रंगाला ढकलत नेलं,
आणि जिथं दमला तिथं काठ सोडून बसला:
काळपट, दातेरी रेघ, घराच्या बरोबर मधून.
'गेलं ना?' नेल्सननं विचारलं.
ती स्पंज घेऊन उठली खरी.

मग खुंट्यांपाशी गेली. कोट बाजूला सारले.
भिंतीला चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रं,
आणि त्यांवर, गुडघ्याच्या जरा वर,
हीच रेघ. दातेरी. चहाच्या रंगाची.
कुणाच्या तरी निवडणुकीतून, कुणाच्या लग्नातून गेलेली.
पाहुणे यायचे असले की ती इथं जास्तीचे कोट टांगते.

ती सात वर्षांची होती.
आई होडीत उभी राहून शिव्या घालत होती,
कारण बाप, बेलार्मिनो, घराबाहेर यायला तयार नव्हता.
चूल विझली तर घराला वाटेल
आपल्याला टाकून दिलं, असं त्याचं म्हणणं.
गुडघाभर पाण्यात उभा राहून तो लाकडं सारत राहिला,
आणि समुद्राच्या मधोमध धुराडं चालू.

स्पंज तिनं ठेवून दिला.
बारीक ब्रशनं फक्त धूर काढला,
ओल्यात ओला, फुंकर मारून थोडा तिरका.
नेल्सन म्हणाला, 'बटाट्यांचे पैसे?'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
चित्र सुरेख. घरावर डाग पडलाय तो स्कॅनमध्ये काढून टाकू का?
आणि कागदाला धुराचा वास येतोय.
एदुविनानं लिहिलं:
रेघ छापा. वास तुम्ही ठेवून घ्या.

मग नवा कागद बादलीत. पान सोळा: बैल.
बैल तिला कधीच जमले नाहीत,
सहा जोड्या काढायच्या
आणि दर वेळी एक पाय उरतो.