कुठलं मोल?

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
पाम्पावरून सुटलेला वारा
बाहिया ब्लांकाच्या टाक्यांना पाठ घासतो आहे.
आत नियंत्रणकक्षात माते फिरतंय हातोहात,
चौघांत एकच भोपळा, एकच नळी,
आणि यामिला क्रेसेविचच्या कपाळावर आठी.

हायड्रोजन : तीन हजार सहाशे.
नायट्रोजन : दोन हजार सहाशे सेहेचाळीस.
तीनास एक हवं.
इथे तर दीडासही एक पडत नाही.
"नायट्रोजन फार झाला," ती म्हणते,
बोट हवेच्या झडपेच्या चिन्हावर टेकतं,
टेकतं, पण दाबत नाही.

कोपऱ्यात आन्सेल्मो इरिबार्ने,
एकतीस वर्षांच्या रात्रपाळ्या,
त्यातली आजची शेवटून तिसरी.
तो उठत नाही.
नळी ओठांतून काढून एवढंच विचारतो,
"कुठलं मोल?"

कुठलं म्हणजे?
मोल म्हणजे मोल, तिला असंच शिकवलेलं.
तो हनुवटीनेच भिंत दाखवतो.
हायड्रोजनचा मापक मार्चमध्ये बदलला,
तो बोलतो किलोमोलमध्ये, दर तासाला.
नायट्रोजनचा मात्र जुनाच,
कारखाना उभारणाऱ्यांनी ह्यूस्टनहून
पेट्यांत भरून आणलेला, त्यांच्या पौंडांसकट.
नव्या पडद्यावर आकडा तेवढा पोचला,
एकक वाटेतच कुठेतरी उतरून गेलं.

ती कागद ओढते.
दोन हजार सहाशे सेहेचाळीस
गुणिले शून्य पूर्णांक चार पाच तीन सहा.
पेन्सिलीचं टोक मोडतं. दुसरी घेते.
हातचा दोन, हातचा तीन…
बाराशे.
बाराशे, वर चिमूटभर.

झडप होती तिथेच आहे.
भट्टीला यातलं काहीच कळलं नाही,
ती आपली लोखंडावर रेणू निजवते, उठवते,
चार आत, दोन बाहेर,
वजनात मात्र गुंजभर तूट नाही.

"आणि सेकंदाला किती, कुणी विचारलं तर?"
"पौंडवाल्या आकड्याला आठाने भाग.
चुकेल, पण हजारात आठ."
(आमच्याकडचा एखादा जुना कारकून म्हणाला असता,
रुपयाला दोन आणे, घ्या, झालं.)

मी हे ज्या भाषेत लिहिते आहे
तिच्यात मोल म्हणजे किंमत,
आणि पाठीला मजुरी जोडली की
दिवसभराचा घाम.
आन्सेल्मोच्या भाषेत ते फक्त मोजलेला ढीग,
सहावर तेवीस शून्यं, दिसत एकही नाही.
तरी तो ज्या आवाजात विचारतो ना, कुठलं मोल,
मला दर वेळी माझाच अर्थ ऐकू येतो.

माते गार झालं आहे.
थोड्या वेळाने, कुणी न विचारता, तो म्हणतो,
"मी एकदा मिनिटाला तास समजलो होतो.
साठपट.
तीन दिवस कारखाना थंड.
अहवालात लिहिलं, वाऱ्याने वीज गेली.
वारा होताही त्या रात्री."
"मग खरं कुणाला सांगितलं?"
"आत्ता. तुला."

ती काही बोलत नाही.
खणातून चिकटपट्टी काढते,
मापकाच्या काचेखाली मोठ्या अक्षरांत लिहिते : पौंड.
पट्टी वाकडी बसते. तशीच ठेवते.

पाचच्या सुमारास खाडीकडे
राखेच्या रंगाचा उजेड फुटतो.
पाळीच्या नोंदवहीत यामिला
आधी एकक लिहिते,
आणि त्याच्या आधी
आकड्यापुरती जागा सोडते.