मोजणी

एकोणतीस वर्षं मी औरा नदीवर
या काठची माणसं त्या काठाला नेली.
दीड मिनिटाचा प्रवास, तिकीट नाही.
फक्त मोजायची:
अंगठ्याखाली छोटं यंत्र, डोक्यामागे एक टिक.

कंटाळा? छे.
मोजता मोजता माणूस दिसतोच.
कोण भांडून आलाय ते चालीवरून,
कुणाच्या बुटाला दफनभूमीची माती,
कुणाच्या कोटाला दुसऱ्याच घरचा वास.

आता रात्री चारदा उठतो.
सौनात आम्ही म्हातारे उघडेवाघडे बसतो,
एकमेकांचे व्रण तोंडपाठ,
पण त्या एका गोष्टीवर अळीमिळी गुपचिळी.
आह्ती दगडांवर पाणी ओततो,
दगडच काय ते बोलतात.

पीएसए सात पॉइंट दोन.
डॉक्टर म्हणाले, असेल. नसेलही.
सुई घालून बघू, बारा ठिकाणी.

मग ती पिह्ला, प्रयोगशाळेतली,
केसांत पेन्सिल खोचून विसरलेली.
म्हणाली, एक नळी रक्त द्या, अभ्यासासाठी.
तुमच्या पांढऱ्या पेशी आम्ही रांगेत सोडतो,
एकेक, लेझरच्या उजेडासमोरून.
त्यांच्या अंगावर प्रथिनं असतात.
शरीरात कुठं काही बिघडलं
तर त्या प्रथिनांची ठेवण बदलते, असं वाटतं.
रंग चिकटवतो. चमकला की मोजतो.
भरवसा द्यायची वेळ अजून आली नाही,
आम्ही शिकतोय.

मी हसलो. तिला कळेना का.

नळीवरचं माझं नाव झाकून
तिनं आकडा चिकटवला: चारशे सतरा.
बरं वाटलं. आपणही कुणाची तरी टिक.

घरी आलो. कॉफी गार होईस्तोवर बसलो.
म्हणजे माझ्याच आत कुणीतरी
त्या बंद दारापर्यंत जाऊन, कडी वाजवून
परत आलं असेल,
आणि सत्तरी उलटलेल्या मला
इतके दिवस पत्ता नाही.

एका नोव्हेंबरात, शेवटच्या खेपेला
चढले एकतीस, उतरले तीस.
बाकाखाली एक पोरगा झोपलेला,
तोंडावर टोपी.
पुढच्या वर्षी पुन्हा तसंच, एक कमी.
पण तेव्हा कुणीच नव्हतं, अंगठाच घसरलेला.

दोन्ही वेळा
मी कंदील घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो.