अकरा सेकंद

गांधीबागेत, साड्यांच्या होलसेल दुकानावर
माझा स्टुडिओ. दहा बाय बारा.
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत,
खालच्या रियाजभाईकडून रिकामे आणलेले.
आवाज त्यांच्या खळग्यांत पडतो
आणि परत येत नाही.
उमरेड रोडवरच्या एका गावचं नगराध्यक्षपद
यंदा इथूनच गाजणार होतं.

सकाळी छत्री, संध्याकाळी शिलाई मशीन.
चाल एकच, जुन्या सिनेमातली,
बँडवाल्यांनी वरातीत इतकी घासलेली
की तिचा मालक आता कोणी विचारत नाही.
गाणार हेमलता बारापात्रे.
ऑर्केस्ट्रात ती जन्मभर
दुसऱ्याच बाईचा आवाज म्हणून गाजली,
पोस्टरवर हिचं नाव कंसात.

शब्द टेंभुर्णे मास्तरांचे.
मास्तर बोटांवर मात्रा मोजतात.
लांजेवार सात. घोरमारे सात.
छत्री चार, मशीन चार.
"काही बदलाच लागत नाही, भाऊ,"
चहात बिस्किट बुडवत म्हणाले,
"लोकशाहीची सोय पाहा."
बिस्किटाचं अर्धं आत पडलं.
'विकास' मागच्या वेळचाच ठेवला.

दुपारी निर्मलाबाई लांजेवार आल्या.
सीट बाईची, म्हणून त्या उमेदवार.
बॅनरवर त्यांचा फोटो पासपोर्टएवढा,
नवऱ्याचा कमरेपासून वर, गॉगल लावून,
मागे इंटरनेटवरून उतरवलेला वाघ.
घरोघरी मोबाइलवर जाणारा निरोप बोलायचा होता:
नमस्कार, मी तुमची निर्मलाताई बोलत आहे.
नवरा काचेबाहेरून हातवारे करत होता.
जोरात. हसून. हिरॉइनसारखं.
सतरा टेक झाले.
दर वेळी 'आहे'च्या पुढे
त्यांच्या आवाजात प्रश्नचिन्ह यायचं.

मग तो पोरं घेऊन तर्री-पोहे खायला उतरला.
हेमलता आत पाणी पीत बसली होती.
बाई म्हणाल्या,
"माह्या लग्नात तुम्हीच गायल्या होत्या ना वं?
मले वाटे, थे खरीच बाई आली मुंबईहून."
"मग कळलं कधी?"
"आत्ता."

दोघी इतक्या हसल्या
की मीटरचा काटा लाल झाला.
आणि मग बाईंनी त्या चालीचे मूळ शब्द
हलकेच म्हटले,
कोणाला काही न मागता.
त्यात ना छत्री, ना गाव.
एक पोरगी खिडकीत उभी आहे, एवढंच.
रेकॉर्डिंग बंद करायचं
माझ्याकडून राहून गेलं होतं.

संध्याकाळी घोरमाऱ्यांची माणसं आली.
म्हणाली, त्यांच्यापेक्षा जोरात पाहिजे.
मी बेस वाढवला.
रात्री लांजेवारांचा फोन:
"तो बाईंचा निरोप हेमलताकडूनच बोलून घ्या,
तिच्या तोंडी चांगला बसते."
हेमलतानं एका टेकमध्ये दिला.
नमस्कार, मी तुमची निर्मलाताई बोलत आहे.
पूर्णविराम.
अडीचशे रुपये घेतले, पदर सारखा केला,
पाचपावलीचा ऑटो पकडला.

प्रचार संपायच्या रात्री
दोन्ही पार्ट्यांचे भोंगेवाले ऑटो
बसस्टँडवर समोरासमोर आले, म्हणे,
आणि गाणं नेमकं एकाच ओळीवर जुळलं.
पोरं मधे घुसून नाचली.
कोणाची म्हणून नाचली,
हे हवालदाराला लिहिता येईना.

कोण निवडून आलं, मला विचारू नका.
उधारी दोघांकडेही आहे.

डिस्क भरली की मी जुन्या फायली पुसतो.
लांजेवार पुसले, घोरमारे पुसले,
हेमलताची निर्मलाताई पुसली.
'नवीन फोल्डर'मध्ये ती एक उरते.
बोट बटणावर येतं.
खाली रियाजभाई ट्रे मोजत असतो,
बाविस, तेविस,
एखादं फुटलेलं बाजूला काढत.