भिंतीबाहेरून

तिकीट काढण्याआधी मी तियेमोकोला विचारते.
थिएटरच्या भिंतीबाहेर तो मोपेडी राखतो.
छत नाही वर, आवाज सगळा रस्त्यावर;
बोबो-जुलासोत इतके सिनेमे
दुसऱ्या कुणी ऐकले नसतील.

'शुक्रवारी लागलेला? नको.
बाप मरतो तर मुलांपेक्षा व्हायोलिनंच जास्त रडतात.
आणि ते घोडे!
घोडे कसले, कुणीतरी तुंबे बडवतंय.'

'पोलिसांचा बरा आहे.
खोटं बोलताना नट आवाज मऊ करतो.
माझा मेहुणा उसने मागताना
अस्साच.'

'आणि कालचा?'

माझ्या सीटवर खडूने नंबर घालता घालता
तो थांबला.
'वीस मिनिटं कुणी बोललंच नाही त्यात.
मला वाटलं, वीज गेली.
पण समोरच्या कडुनिंबावर उजेड हलत होता,
आणि आत शेंगा फोडायचं
थांबलं होतं.
सुटल्यावर एक बाई
मोपेड इथेच विसरून
चालत निघून गेली.
ही बघ. बेचाळीस नंबर.
धूळ पुसून ठेवलीय सकाळी.
पैसे मात्र
दोन दिवसांचे घेणार.'